बॉनेटमधला पाव

गाडी दिली होती एसी थंड हवा देत नाही म्हणून. आठवडा उलटल्यावर डीलरकडून फोन आला, आणि शोशाना वाकरुळकरच्या डोक्यातूनच वाफा निघायला लागल्या.

"मॅडम, तुमच्या गाडीची वायरिंग उंदरांनी खाल्लीय," सर्व्हिस मॅनेजर भावेश सांगत होता. आवाज इतका गोड, की याला मुलगा झाला असावा आणि पेढे वाटायला फोन केला असावा असं वाटावं. "वायरींचा अख्खा हार्नेस बदलायला लागला. कॉम्प्रेसर वॉरंटीत बसला, पण हे वॉरंटीत बसत नाही. एक लाख बारा हजार होतायत. पेमेंट केलंत की गाडी लगेच देतो."

"बदलायला लागला म्हणजे? बदलून मोकळे झालात? कुणाला विचारून?"

"सरांना कॉल लावला होता मॅडम. फोन बंद होता."

सर म्हणजे शोशानाचा नवरा, एलियास. त्याचा फोन बंद होता हे खरं होतं, कारण तो सणाचा शेवटचा दिवस होता. वाकरुळकर बेने इस्राएल, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलणारे कोकणातले यहुदी. पेसाहचे पहिले दोन आणि शेवटचे दोन दिवस एलियास फोनला हात लावत नाही. ही गोष्ट त्याने गाडी देताना त्याच भावेशला दोनदा सांगितली होती आणि भावेशने दोनदा "डोन्ट वरी सर" म्हटलं होतं. ज्या माणसाला फोन बंद असणार हे माहीत आहे, तो बरोबर त्याच दिवशी फोन लावतो आणि मग लाखाचं काम उरकून टाकतो, याला काय म्हणायचं ते शोशानाने स्टाफरूममध्ये इतर बाईंसमोर मोठ्याने म्हणून टाकलं. ती शाळेत गणित शिकवायची आणि तिचा आवाज बंद दारातून पलीकडच्या वर्गात जायचा.

संध्याकाळी दोघं रिक्षाने पळस्प्याला, डीलरकडे गेले. पुढे काचेचं शोरूम, आत फिती बांधलेल्या नव्या गाड्या, आणि मागे पत्र्याच्या शेडमध्ये वर्कशॉप. अक्षय्य तृतीया जवळ आल्यामुळे पुढे गर्दी होती. नवी गाडी घेणाऱ्याला इथे थंड पाणी, हार आणि फोटो मिळायचा. जुनी गाडी सोडवायला येणाऱ्याला प्लॅस्टिकची खुर्ची मिळायची, तीही मागितल्यावर.

भावेश आला. तिशीचा, गळ्यात कंपनीचा पट्टा, हातात टॅब. त्याने टॅबवर एक फोटो उघडून त्यांच्या पुढे धरला. बॅटरीच्या बाजूला चिंध्या, कापूस आणि कुरतडलेल्या वायरींचं घरटं होतं. त्याच्या मधोमध अर्धा पाव. एका बाजूने हिरवा पडलेला.

"हे बघा. गाडीत खाण्याचं ठेवलं की उंदीर येतो. उंदीर आला की वॉरंटी जाते. कंपनीचा रूल आहे, माझा नाही."

"हा पाव आमचा नाही," शोशाना म्हणाली.

"मॅडम, गाडी तुमची, बॉनेट तुमचं, मग पाव कुणाचा?"

तो हसत होता. शोशानाला त्याचं ते हसणं थोबाडीत मारल्यासारखं लागलं. तरी तिने वर्गात सांगतात तसं सावकाश सांगितलं. पेसाहचे आठ दिवस आमच्याकडे पाव चालत नाही, चपाती चालत नाही, बिस्किट चालत नाही. नुसतं खायचं नाही एवढंच नाही, घरात ठेवायचंसुद्धा नाही. सणाच्या आधी सगळं घर उपसून काढतात. आणि सण लागायच्या दिवशी, दुपारी, आम्ही गाडी तुमच्या ताब्यात दिली. त्यानंतर ती तुमच्याकडेच आहे. तेव्हा आमच्या गाडीत पाव असूच शकत नाही.

"मॅडम, आमच्याकडे पण उपास असतात," भावेश म्हणाला. "घरात कुणीतरी चोरून खातंच."

एलियासने बायकोच्या दंडावर हात ठेवला. तिने तो झटकला.

"आणि तुमची माणसं काय खातात?"

"वर्कशॉपमध्ये खायला सक्त मनाई आहे. तो बोर्ड बघा."

बोर्ड होता खरा. चांगला मोठा, लाल अक्षरांतला. शोशाना उठून बोर्डापर्यंत चालत गेली. बोर्डाच्या खालीच तेलकट कागदाचा बोळा पडला होता. तिने तो दोन बोटांत उचलला, परत आली आणि भावेशच्या टेबलावर ठेवला. कागदाला चटणीचा लाल डाग होता आणि वास तर सांगायलाच नको.

"हा वाऱ्याने बाहेरून आला असेल," भावेश म्हणाला. हे म्हणताना त्याची पापणीसुद्धा हलली नाही.

मग त्याने आवाज खाली आणला. जगनशेठ, म्हणजे डीलरशिपचे मालक, मन मोठं असलेला माणूस आहे. त्यांनी निम्मं बिल सोडायची परवानगी दिलीय. फक्त जॉबकार्डवर एक सही लागेल. त्याने कागद पुढे सरकवला. त्यावर लिहिलं होतं की ग्राहकाने गाडीत पाव ठेवल्यामुळे उंदीर लागून नुकसान झाले, आणि हे ग्राहकाला मान्य आहे.

एलियासचा हात खिशातल्या पेनाकडे गेला. न्हावा-शेव्याच्या बंदरात तीस वर्षं नोकरी केलेला माणूस. आयुष्यभर समोर आलेल्या कागदावर सही केली की घरी जायला मिळतं, एवढंच त्याला माहीत होतं. शोशानाने त्याच्याकडे अशी नजर टाकली की पेन खिशातच राहिलं.

"निम्मं काय, पाव बिलसुद्धा देणार नाही," ती म्हणाली. "आणि हे वाक्य तर मुळीच मान्य नाही."

"मग गाडी इथेच राहील मॅडम. आणि सोमवारपासून पार्किंगचा चार्ज लागेल."

परत येताना रिक्षात एलियास दोनदा "जाऊ दे ना" म्हणाला. दुसऱ्यांदा म्हणाला तेव्हा शोशानाने रिक्षावाल्याला ऐकू जाईल अशा आवाजात त्याला विचारलं, की तुझ्या तोंडात दुसरे शब्द आहेत की नाहीत. मग पनवेलच्या लाइन आळीत घर येईपर्यंत एलियास बाहेर रस्त्याकडे बघत बसला.

खरं तर घोळ घातला तो एलियासनेच, रात्रीच्या जेवणाला. त्याची आई, जोकबेदबाई, अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या. त्यांनी साधं विचारलं, गाडी का नाही आणलीत. आणि या शहाण्याने सगळं सांगितलं. उंदीर, वायरिंग, बिल, आणि पाव.

जोकबेदबाईंचा घास हातातच राहिला. "कुठे होता पाव?"

"बॉनेटमध्ये. बॅटरीच्या बाजूला."

"माझ्या हातून राहिला," त्या म्हणाल्या. ताट सरकवून उठल्या आणि आत जाऊन पडल्या.

हे समजायला जोकबेदबाई कोण ते समजायला हवं. पनवेलात आता बेने इस्राएलांची घरं बोटांवर मोजण्याइतकी उरलीत. बाकीची केव्हाच इस्राएलला गेली. पण जी आहेत त्यांत पेसाह आला की बायका जोकबेदबाईंना फोन करतात. हे चालतं का, ते काढू का, फ्रिजच्या रबरात पीठ बसलंय ते कशाने निघेल. सणाच्या आदल्या रात्री त्या मेणबत्ती घेऊन स्वतःच्या घरातली प्रत्येक फट बघतात. आणि गाडी घेतल्यापासून, दुसऱ्या दिवशी सकाळी, गाडीसुद्धा. सीटच्या शिवणी जुन्या टूथब्रशने, पायपुसणी साबणाने, आणि शेवटी बॉनेट उघडायला लावून आतसुद्धा ओलं फडकं. का, तर उंदीर-खारी कुठून काय आणून ठेवतील सांगता येत नाही. दरवर्षी एलियास म्हणायचा, "आई, इंजिन पाव खात नाही." दरवर्षी त्या म्हणायच्या, "तू उघड."

अशा बाईच्या गाडीत, ऐन पेसाहमध्ये, पाव.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी बोलणंच कमी केलं. शनिवारी पांढरी साडी काढून ठेवली होती, ती परत कपाटात गेली. "गुडघा दुखतोय," त्या म्हणाल्या, आणि सिनेगॉगला गेल्या नाहीत. गुडघा गेली दहा वर्षं दुखत होता आणि त्या दहा वर्षांत त्यांनी एक शनिवार चुकवला नव्हता. रात्री मैत्रिणीचा फोन आला, काहीतरी विचारायला, तर म्हणाल्या, "मला नको विचारूस बाई. माझे डोळे गेले आता. मला दिसत नाही आणि मला कळतही नाही की दिसत नाही."

हे शोशानाने स्वयंपाकघरातून ऐकलं. सासूशी तिचं कधी फार गूळपीठ नव्हतं. पण ज्या बाईशी आपण सव्वीस वर्षं रोज भांडतो, ती अशी भांडण सोडून बसली की घरात उभं राहवत नाही. तो गळ्यात पट्टा घातलेला पोरगा हसत हसत एक वाक्य लिहून मोकळा झाला होता आणि इथे एक बाई त्या वाक्याखाली दबत चालली होती. शोशानाला बिलाचा राग होताच. पण हा राग वेगळा होता.

आणि त्यात भर म्हणजे, त्या पोरग्याला खोटं पाडायचं साधन तिच्या मोबाईलमध्येच होतं.

मुलगी इस्राएलमध्ये, लोदला. तिच्यासाठी शोशाना दरवर्षी आजीच्या सफाईचा व्हिडिओ काढायची. या वर्षीही काढला होता. गाडीची नंबरप्लेट, उघडं बॉनेट, त्यात डोकं घालून टूथब्रश चालवणाऱ्या जोकबेदबाई, सगळं स्वच्छ उन्हात. व्हिडिओ गेला होता घरच्या ग्रुपवर. ग्रुपचं नाव होतं 'आजी सोडून'.

शोशानाने कानात इअरफोन घालून तो व्हिडिओ लावला, आणि अर्ध्यातच बंद केला. त्यात तिचा स्वतःचा आवाज होता. सणाच्या आधी घरातली भांडी वर-खाली करून, दहावीचे पेपर तपासून, ती वैतागलेली होती तेव्हा. ते सगळं आता तिला आठवलं. पण आठवलं म्हणून जे बोलली होती ते काही कमी होत नव्हतं.

तिने आवाज काढून टाकलेला व्हिडिओ भावेशला पाठवला. उत्तर लगेच आलं. मॅडम, हा मागच्या वर्षीचा पण असू शकतो. आणि आवाज का बंद आहे?

का बंद आहे. शोशानाने फोन उपडा ठेवला. आवाजात एलियासचं एक वाक्य होतं ज्याने तारीख ठरत होती. तेवढंच कापून देता येईल का, हे तिने मुलीला विचारायचं ठरवलं. मग सोमवारी बघू म्हणाली. मग सोमवारी शाळेत निकालाचं काम निघालं. गणिताच्या बाईंना एवढंही कळत नव्हतं असं नाही, की ती दिवस ढकलत होती.

सोमवारी साडेदहाला एलियासचा मेसेज आला. आई ऐकत नाही. चूक माझी, सही मीच करणार म्हणते. तिला घेऊन पळस्प्याला आलोय. निम्म्यात मिटतंय, तू रागावू नकोस.

शोशाना मुख्याध्यापकांना काय सांगून निघाली ते तिचं तिलाही आठवत नाही. रिक्षात बसल्यावर तिने एलियासला फोन लावला, त्याने उचलला नाही, आणि बरंच झालं उचलला नाही. हायवेला कंटेनरची रांग लागलेली. ती रिक्षावाल्यावर चिडली, कंटेनरवर चिडली, आणि सगळ्यात जास्त स्वतःवर. दोन दिवसांपूर्वी एक बटण दाबलं असतं तर ही म्हातारी आज त्या प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसली नसती.

जोकबेदबाई त्या खुर्चीतच बसल्या होत्या. शनिवारी कपाटात गेलेली पांढरी साडी आज नेसल्या होत्या. मांडीवर पर्स, हातात भावेशचं पेन. भावेश वाकून त्यांना जागा दाखवत होता. "इथे, आजी. फुलीवर."

"आई, थांबा," शोशाना म्हणाली. "सही करू नका."

"तू मध्ये पडू नकोस. तुम्ही दोघं माझ्यापायी भांडताय. पाव माझ्या हातून राहिला, मी लिहून देते."

"तुमच्या हातून काही राहिलं नाही. माझ्याकडे पुरावा आहे."

"मला बरं वाटावं म्हणून बोलतेस."

"तो व्हिडिओ ना?" भावेश म्हणाला. "मॅडम, मी तुम्हाला सांगितलं, त्याला आवाज नाही, तारीख नाही. तसा कुणीही दाखवेल."

"आवाज आहे. बाहेर चला, दाखवते."

"बाहेर कशाला? इथे दाखवा की. लपवण्यासारखं काय आहे?"

समोर जोकबेदबाईंनी मान खाली घालून पेनाचं टोक पुन्हा फुलीवर टेकवलं. शोशानाने मोबाईल काढला, आवाज पूर्ण मोठा केला आणि टेबलावर पाण्याच्या बाटलीला टेकवून ठेवला.

पडद्यावर नंबरप्लेट आली. मग बॉनेट, मग जोकबेदबाईंची पाठ. आणि शोशानाचा तो वर्गात भिंतीपार जाणारा आवाज सगळ्या हॉलमध्ये घुमला.

"ही बघ तुझी आजी. आता इंजिनाला पेसाह घालतेय. स्वतःच्या ताटातला केस दिसत नाही हिला, पण लोकांच्या घरातलं पीठ बरोबर दिसतं. मरेपर्यंत आम्हाला पुसायला लावणार बघ."

पलीकडे नव्या गाडीला हार घालणारं एक कुटुंब वळून बघायला लागलं. व्हिडिओत एलियास हसला. मग त्याचाच आवाज आला. "आई, आटप लवकर. एसीसाठी गाडी टाकायचीय पळस्प्याला, त्या भावेशने तीनच्या आत बोलावलंय. संध्याकाळी सण लागतो."

"झालं," व्हिडिओतल्या जोकबेदबाई म्हणाल्या. बॅटरीच्या बाजूचा कोपरा त्यांनी पुन्हा एकदा पुसला, फडकं कॅमेऱ्यासमोर धरून दोन्ही बाजूंनी दाखवलं. "बघ. एक कण नाही. आता बंद कर."

आणि मग पुन्हा शोशाना, हसत. "पुढच्या वर्षी हिलाच वर्कशॉपला ठेवून येते. गाडी राहू दे घरी."

व्हिडिओ संपला. जोकबेदबाई मोबाईलच्या काळ्या पडलेल्या काचेकडे बघत होत्या. शोशानाला त्यांच्याकडे बघवेना, म्हणून ती भावेशकडे बघत राहिली, आणि होता नव्हता तेवढा सगळा राग तिने त्याच्यावर काढला.

"ऐकलंस? तुझं नाव ऐकलंस त्यात? या माणसाने गाडी तुझ्याकडे पहिल्यांदाच आणलीय. मागच्या वर्षी तुझं नावही आम्हाला माहीत नव्हतं. बॅटरीचा कोपरा बघितलास? आता सांग मला, चोरून कुणी खाल्लं. या बाईने अठ्ठ्याहत्तर वर्षांत पेसाहला पावाकडे बघितलेलं नाही, आणि तू तिच्याकडून लिहून घेतोस की तिने पाव ठेवला. तुझ्या घरात म्हातारं माणूस आहे की नाही?"

"मॅडम, आवाज खाली. कस्टमर बसलेत," भावेश म्हणाला. त्याचा गोडवा गेला होता. "आमी काय मुद्दाम पाव टाकला का ओ? आमाला काय त्यातून मिलनार हाय?"

"एक लाख बारा हजार मिळणार होते."

काचेच्या केबिनचं दार उघडलं. पांढरे कपडे, गळ्यात जाड साखळी, साठीचा माणूस. तोच जगनशेठ. त्याची जमीन विमानतळात गेली आणि त्या पैशांतून त्याने हे शोरूम उभं केलं, हे पनवेलात सगळ्यांना माहीत होतं. बराच वेळ तो दारात उभा असावा.

"भावेश, गाडी आपलेकडं कवा आली?"

"सण लागला त्या दिशी, शेठ. अडीचला एन्ट्री हाय."

"आन् हा व्हिडिओ कवाचा?"

भावेशने गळ्यातला पट्टा चाचपला. "त्याच दिशीचा, शेठ."

"मंग पाव कुनाचा?"

भावेशने खाली बघितलं. चार दिवसांपूर्वी हाच प्रश्न त्याने हसत विचारला होता. "आपलाच आसंल, शेठ. पोरां मागं वडापाव खातात."

"खातात ते मलाबी दिसतंय. बोर्ड मीच लावलाय." जगनशेठने मान हलवली. "वायरिंगचं बिल काढून टाक. गाडी धुऊन द्या यांना."

एलियासने सुस्कारा सोडला आणि हात जोडले. शोशानाने जोडले नाहीत.

"बिल नंतर," ती म्हणाली. "आधी ते वाक्य खोडा. आणि खाली लिहा, पाव वर्कशॉपचा होता. तुम्ही सही करा."

"ताई, बिल सोडलं ना आता."

"बिल तुमचं होतं, तुम्ही सोडलंत. वाक्य आमच्यावर आहे. ते खोडल्याशिवाय मी इथून हलणार नाही, आणि हा व्हिडिओ मी त्या हार घालणाऱ्या लोकांनाही दाखवीन."

जगनशेठने तिच्याकडे बघितलं, मग पांढऱ्या साडीतल्या म्हातारीकडे. त्याने जोकबेदबाईंच्या हातातलंच पेन घेतलं, वाक्यावर दोन आडव्या रेघा मारल्या, खाली त्याला जमेल तसं लिहिलं आणि सही केली. "आजी, चुकलं आमचं. चाय घ्या."

"चहा नको," जोकबेदबाई म्हणाल्या. व्हिडिओ संपल्यानंतरचं त्यांचं ते पहिलंच वाक्य होतं. "खोडलंत, पुरे झालं. आणि धुऊ पण नका. तुमचं धुणं कसं असतं ते त्या पावावरून कळलं."

गाडी मिळाली. एसी मात्र झकास चालत होता. एलियास गाडी चालवत होता, शोशाना त्याच्या शेजारी, जोकबेदबाई मागे. पळस्प्याचा पूल मागे पडला तेव्हा एलियासला वाटलं काहीतरी हलकंफुलकं बोलावं.

"चला, जिंकलो एकदाचे."

"तू गप्प बस," शोशाना म्हणाली. "तूही हसलायस त्यात."

मग ती मागे वळली. जिच्यासाठी भांडायला धावली तिलाच सगळ्यांसमोर सोलून ठेवलं होतं, आणि तेही स्वतःच्याच आवाजात. भावेश तरी परका होता.

"आई, मी असं बोलायला नको होतं."

जोकबेदबाई बाहेर बघत होत्या. त्यांचा चेहरा रागाने घट्ट झाला होता. चार दिवस त्यावर काहीच नव्हतं, आज राग होता.

"कुणाकुणाला पाठवलास?"

"आपल्याच ग्रुपवर. पोरगी, जावई, तुमची पुण्याची भाची."

"कुठला ग्रुप? मला कसा नाही आला?"

एलियासने आरशात बघितलं आणि पटकन नजर रस्त्यावर आणली.

"नाव काय ग्रुपचं?"

"'आजी सोडून'," शोशाना म्हणाली.

लाइन आळीत घरासमोर गाडी थांबली. एलियासने उतरून आईसाठी दार उघडलं, पण त्या उतरल्या नाहीत. पर्स मांडीवर धरून बसून राहिल्या. दोघांनाही वाटलं, आता रडतील.

"बॉनेट उघड," त्या म्हणाल्या.

"आई, आता कशाला? सण संपला."

"तू उघड."

त्याने उघडलं. जोकबेदबाई उतरल्या, गुडघा सांभाळत पुढे आल्या, आणि बॅटरीच्या बाजूच्या कोपऱ्यात डोकं घालून बघितलं. नव्या वायरी, नवी पट्टी, आणि खाली पावाचे चार हिरवे चुरे तसेच पडलेले. त्यांनी बोटाने एक चुरा उचलला आणि शोशानाच्या डोळ्यांसमोर धरला.

"हा दिसतोय मला. डोळे ठीक आहेत माझे."

"हो आई."

"शनिवारी मी सिनेगॉगला येणार. आणि त्या ग्रुपमध्ये मला घ्यायचं, आजच." त्यांनी चुरा झटकला आणि हात पदराला पुसला. "पुढच्या वर्षी ब्रश तू धरायचास शोशाना. व्हिडिओ मी काढणार. आणि बोलणार पण मीच."